गोठ्यातला नाच

आमच्या घरात सगळ्यात चांगली जागा बैलांची आहे. स्वयंपाकघराची फरशी उखडली आहे, न्हाणीघराचं दार दोरीनं बांधून ठेवावं लागतं. गोठ्यात मात्र खाली रबरी मॅट आहेत, वर पंखे आहेत आणि बिबट्या शिरू नये म्हणून चारही बाजूंनी जाड जाळी आहे. माझा नवरा गाडामालक आहे. म्हणजे शर्यतीच्या गाड्याला जुंपायचे चार बैल त्याच्या दावणीला असतात. आमच्या मंचरच्या बाजूला असे बैल ज्याच्याकडे, त्याला लग्नात पुढच्या खुर्चीवर बसवतात. त्याच्या बायकोला कुठं बसवायचं याचा विचार कुणी करत नाही. ती बहुतेक वाढपात असते.

बैल बघायला लांबून पाहुणे येतात. नवरा त्यांना गोठ्यात नेतो, एकेका बैलाच्या पाठीवर थाप मारतो, याची छाती बघा, त्याचं वशिंड बघा, असं कौतुक चालतं. मी चहा घेऊन दारात पोचले की त्याचा ठरलेला विनोद व्हायचा. "पावणं, हे चार घाटात पळणारं. आन ह्यो आमचा पाचवा. खातो चारांएवढं, पळत तेवढा न्हाई." पाहुणे हसायचे. मीही हसायचे, कारण न हसलेल्या बाईच्या चहाला चव नसते असं पाहुणे बाहेर जाऊन सांगतात. पंचवीस-तीस वर्षं एकच विनोद ऐकला की त्याच्यावर हसणं हेही घरकामातलंच एक काम होतं.

गोठ्यात जायची मुभा मला उशिरा मिळाली. आमच्या घरात शर्यतीच्या बैलापाशी बाईनं फिरकायचं नाही अशी रीत होती. विटाळ लागला की बैल ऐन घाटात मान टाकतो, असं सासूबाई सांगायच्या. माझी पाळी गेली त्या वर्षी नवऱ्यानं आपणहून गोठ्याची किल्ली माझ्या हातात ठेवली. मला वाटलं, मान मिळाला. मिळालं ते काम होतं. पहाटे उठून पीठ मळायचं, गूळ-तूप घालून त्याचे गोळे करायचे, उडदाची डाळ भिजवायची, दूध, अंडी, बदाम, सगळं ज्याचं त्याला द्यायचं. एकदा वाटीतले दोन बदाम मी तोंडात टाकले. नवरा म्हणाला, "त्ये बैलाचं हायेत." रागावून नाही म्हणाला, अगदी सहज म्हणाला. रागावला असता तर मी भांडले असते.

मग पायाला मुंग्या यायला लागल्या. मंचरला डॉक्टरीणबाईंकडे गेले. पोरगीच होती, माझ्या सुनेच्या वयाची. तिनं रक्त तपासलं, साखर सांगितली, ती बरीच वर होती. मग मला झोपवून माझ्या तळपायाशी काहीतरी करत राहिली आणि म्हणाली, "टोचतंय का?"

मी म्हटलं, "आधी टोचा तर खरं."

ती म्हणाली, "टोचलंय."

मला एकदम माझी आई आठवली. तिचा पाय असाच गेला होता. अंगठा काळा पडला, मग बोटं, मग पुण्याला नेऊन गुडघ्याखालून कापला. परत आणली तेव्हा खाटेवरून न्हाणीत न्यायलाही दोन माणसं लागायची. माझी भावजय तिला उचलताना म्हणाली होती, "पाय गेला तरी वजन काय कमी झालं न्हाई आत्याबायचं." आई ते ऐकून हसली होती. आमच्याकडच्या बाया सगळ्यावर हसतात. दवाखान्यात त्या पलंगावर पडल्या पडल्या मी ठरवलं, की बाकी काही झालं तरी चालेल, पण मला कुणी उचलून न्हाणीत नेता कामा नये.

डॉक्टरीणबाई म्हणाली, गोळ्या घ्या, भात कमी करा आणि रोज घाम येईल असा व्यायाम करा. मी म्हटलं, दिवसभर राबते की. ती म्हणाली, "कामानं उतरायची असती तर उतरली असती. मनाला आवडेल ते करा. चाला, नाचा, काहीही करा."

चालायचा नाद मी केला. आमच्याकडे पहाटे चालायला जायचं म्हणजे दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. मागच्या वर्षी वरच्या वस्तीवरून कुत्री गेली, वासरू गेलं. म्हणून उन्हं वर आल्यावर निघाले, तर रस्त्यानं भेटेल तो विचारी, "कुठं निघाला वयनी? भांडण झालं का काय घरात?" हातात पिशवी नसलेली, डोक्यावर काही नसलेली बाई रस्त्यानं चालतेय म्हणजे ती एक तर माहेरी निघालीय नाहीतर विहिरीकडे. चौथ्या का पाचव्या दिवशी कुणीतरी थेट माझ्या दिराला फोन केला, की तुमची भावजय रस्त्यावर फिरतीय, लक्ष ठेवा. चालणं तिथं संपलं.

मुलगा चाकणला कंपनीत आहे. त्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, घरातल्या घरात नाच. शहरातल्या बाया तेच करतात." पुढच्या खेपेला येताना त्यानं हातात मावेल एवढा एक स्पीकर आणला आणि मोबाईलवर नाचाचे व्यायाम काढून दिले. त्यात एक काडीसारखी पोरगी इंग्रजीत आकडे मोजत उड्या मारत होती. तिला कसली साखर असणार!

नाचणं माझ्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. गाडामालकाच्या बायकोनं नाचायचं नसतं. मुलाच्या हळदीला सगळ्या बायांनी ओढलं म्हणून मी दोन हात वर केले, तेवढ्यात नणंद मोठ्यानं म्हणाली, "मांडव सांभाळा गं, खांब हलाया लागलं." हात तसेच खाली आले. ज्या गाण्यावर हात खाली आले, ते मात्र मनात राहिलं होतं. वरातीच्या बँडवर सगळीकडे वाजतं तसलंच एक उडतं गाणं. मी मुलाकडून स्पीकरवर तेच भरून घेतलं.

पण नाचू कुठं? घरात नवरा. गच्चीवर नाचले तर आख्ख्या वस्तीला तिकीट न काढता खेळ. राहिला गोठा. पहाटे नवरा चौकातल्या टपरीवर चहाला जायचा, तिथं बैलांच्याच गप्पा मारायचा आणि उजाडल्यावर परत यायचा. मी पीठ मळून भिजत ठेवायचे. ते मुरेपर्यंतचा वेळ माझा. आतून कडी लावली, स्पीकर गव्हाणीवर ठेवला आणि गाणं लावलं.

पहिल्या दिवशी चारही बैल बिथरले. मीही बिथरले होते. गाऊनवर ओढणी बांधून, रबरी मॅटवर, शेणाच्या वासात, बैलांच्या मधल्या जागेत मी उभी. आधी नुसते पाय हलवले. मग कंबर. ती हलते हेच मी विसरले होते. गाणं संपेपर्यंत छातीचा भाता झाला. पिठाचे गोळे करून बैलांच्या तोंडात देताना मी एकटीच हसत होते. मला इतका आनंद झाला होता, की तो कुणाला सांगावा असं वाटलं. सांगण्यासारखं घरात कुणी नव्हतं.

रोज नाचू लागले. आधी एक गाणं, मग तेच पुन्हा, मग पुन्हा. बाकीचे तीन बैल रवंथ करत मला पाठ दाखवायचे. पण चौथा, नवा आणलेला पांढरा खोंड, त्याचं एक शिंग जरा बाहेर वळलेलं होतं, तो पहिल्या सुरालाच मान वळवायचा. कान पुढे करून, डोळे न हलवता माझ्याकडे बघत उभा राहायचा. गाणं संपलं की जीभ काढून वाट बघायचा, कारण नाच झाला की गोळा मिळतो हे त्यानं सगळ्यांच्या आधी हेरलं होतं. त्याला माझा नाच आवडत होता असा वेडा समज मी करून घेतला नाही. त्याला पीठ आवडत होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे एवढा वेळ बघत होतं आणि हसत नव्हतं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. ब्लाउज बाजूंनी सैल झाले, ते उसवून परत शिवून घेतले. जिना चढताना मधे थांबावं लागेना. डॉक्टरीणबाईनं पुन्हा रक्त तपासलं आणि कागद दोनदा बघितला. "काय केलंत?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "नाचते." ती खुर्चीतून उठून हसली, पण ते हसणं वेगळं होतं. तिनं पुन्हा पायाला टोचलं. अंगठ्याशी काही कळलं नाही, पण टाचेला कळलं. मी एवढ्या मोठ्यानं "अगं आई गं" म्हणाले, की बाहेर बसलेले पेशंट घाबरले असतील.

घरात कुणाच्या काही लक्षात आलं नाही. नवऱ्यानं त्या काळात पांढऱ्याची छाती किती भरली ते चार वेळा दोरी लावून मोजलं.

लक्षात आलं ते धाकट्या जावेच्या. ती शेजारच्या घरात राहते. अंगानं माझ्यापेक्षा दीडपट, पण नवरा कौतुक करणारा आहे म्हणून तिला ते दिसत नाही. मी बारीक होतेय हे तिला खुपलं. एका पहाटे ती शेणी न्यायच्या निमित्तानं गोठ्यामागं आली आणि जाळीतून मोबाईल आत घालून माझा नाच काढला. दुपारपर्यंत तो गावाच्या ग्रुपवर होता. संध्याकाळपर्यंत शेजारच्या गावांच्या ग्रुपवर होता. त्यात मी पाठमोरी आहे, गाऊन घामानं चिकटलाय आणि पलीकडे पांढरा टक लावून बघतोय. कुणीतरी खाली लिहिलं होतं, घाटाची तयारी जोरात.

मी जावेला विचारलं, "का गं केलंस असं?"

"अवो ताई, चेष्टा केली. तुमी लई मनाला लावून घेता," ती म्हणाली.

नवऱ्यानं तो व्हिडिओ टपरीवर बघितला. घरी आला, पायताण काढलं आणि म्हणाला, "नाचायचंच व्हतं तर नारायणगावला तमाशाच्या राहुटीत जायचं. माझ्या गोठ्यात कशाला?" मी साखरेचं सांगितलं, आईच्या पायाचं सांगितलं. तो ऐकून घेत होता असं मला वाटलं. मग म्हणाला, "जत्रा होऊ दे. मग बघतो तुझ्याकडं." जत्रेपर्यंत बैलांना गोळे करून घालणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून माझा नाचही जत्रेपर्यंत टिकला. व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाच आहे तर आता लपवायचं काय, असा विचार करून मी आवाज जरा वाढवलाही.

चैत्रात आमच्या गावची जत्रा. जत्रेच्या दिवशी घाटात शर्यत. घाट म्हणजे चढाची मातीची वाट. तिच्यावरून एका वेळी एकच गाडा सुटतो, कमी वेळात जो वर पोचेल तो जिंकतो. एका गाड्याच्या धावेला बारी म्हणतात. नवऱ्याचं सगळं वर्ष त्या एका बारीसाठी असतं. बाया आता घाटात जातात, पण मी कशी जाणार? घरात वीस पाहुणे जेवायला. मी चुलीपाशी भाकरी थापत होते, भोवती नणंद, जाऊ, पाहुण्या बाया. मधे डब्याला टेकवून जावेचा मोबाईल ठेवला होता. शर्यत आता मोबाईलवर तिथल्या तिथं दिसते.

घाटात माइकवाला असतो. बैलांची, मालकांची नावं घेत, टोमणे मारत लोकांना हसवत ठेवणं हे त्याचं काम. आमचा गाडा जुंपायला आला. भंडारा उधळला. नवरा पिवळाजर्द झाला होता, फेटा वगैरे. माइकवाला म्हणाला, "आता येतंय बघा आपल्या गावचं नावाजलेलं बैल. ह्यांचं ट्रेनिंग लई येगळं हाय मंडळी. ह्यांचा मास्तर घरीच हाय. लावा रं जरा मास्तरचं गाणं!"

आणि त्या मोठ्या मोठ्या कर्ण्यांतून माझं गाणं सुरू झालं.

लोक किती हसले ते मोबाईलमधूनही ऐकू येत होतं. गाडा सुटला होता. चार बैल पहिल्या झेपेला असे निघाले, की मी थापती भाकरी हातात धरून उभी राहिले. अर्ध्या चढाला पांढरा थांबला. मागच्या जोडीचा धक्का बसला, दोऱ्या ताणल्या, गाडा तिरका झाला, माणसं बाजूला पळाली. पांढऱ्यानं मान वळवली आणि कर्ण्याकडे तोंड करून कान पुढे केले. मग जीभ काढली. त्याला वाटलं मी आले.

स्वयंपाकघरात नणंदेनं कपाळावर हात मारला. आणि मला हसू आलं. आवरेना. भाकरी परातीत टाकून, पदर तोंडात कोंबून मी हसले. सगळ्या गावानं माझ्यावर हसायला गाणं लावलं आणि सगळ्या गावाच्या तोंडावर माझा बैल उभा राहिला. मोबाईलमध्ये माझा नवरा दोन्ही हात डोक्यावर घेऊन मातीत बसला होता. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मला वाटलं, बस आता, सगळ्यांच्या समोर बस. जाऊ माझ्याकडे भुतासारखी बघत होती. तिला मी म्हटलं, "चेष्टा केली गं त्यांनी. तू लई मनाला लावून घेतीस."

हे हसणं मला महागात पडेल याचा विचार मी केला नव्हता. पडलंच, पण माझ्या अंगावर नाही.

नवरा संध्याकाळी आला. तीन बैल दावणीला बांधले. पांढऱ्याला अंगणात कडुनिंबाला बांधलं आणि चाबूक घेतला. शर्यतीच्या बैलाला त्यानं कधी मारलेलं मी पाहिलं नव्हतं. लेकरासारखं सांभाळतो म्हणून तो मिरवायचा. आता पाहुण्यांसमोर मारत होता, म्हणजे पाहुण्यांना दिसावं की दोष कुणाचा होता. पांढरा दावं ओढत गोल फिरत होता. मी मधे गेले नाही. मधे जायची माझी छाती झाली नाही, खरं तेच लिहिते. नवरा थकला तेव्हा थांबला.

दुसऱ्या दिवशी चार गाडामालक येऊन बसले. कुणी म्हणालं, बैल नासला. कुणी म्हणालं, असला बैल दुसऱ्या तिघांना नासवतो. कुणी माझ्याकडे न बघता म्हणालं, "बाईमाणसाच्या हातात गोठा द्यूच ने राव." माइकवाल्यानं गाणं लावलं हे कुणाच्याही तोंडून निघालं नाही. तो त्यांच्यातच बसला होता, त्यालाही मीच चहा दिला. बैल विकायचं ठरलं. घाटासाठी तो आता कुणी घेणार नव्हतं. घोडेगावच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका गावात भातखाचरं नांगरायला एक बैल पाहिजे होता, तिकडे द्यायचं ठरलं.

रात्री नवऱ्यासमोर ताट ठेवलं आणि मी म्हटलं, "मी नाचायचं सोडते. पुन्यांदा पाय उचलणार न्हाई. पण पांढऱ्याला ठेवा."

हे बोलताना मला माझ्या आईची खाट दिसत होती. मी काय देऊन काय मागतेय ते मला नीट कळत होतं. त्यालाही कळलं असावं, कारण त्यानं घास हातात धरून माझ्याकडे बघितलं. कधी नव्हे ते नीट बघितलं.

"नाच गं तू," तो म्हणाला. "खुशाल नाच. गच्चीवर नाच, रस्त्यावर नाच. माझं काय जायचं ऱ्हायलंय? पर बैल जाणार."

त्यानं घास तोंडात घातला आणि आमटीला मीठ कमी आहे म्हणाला.

पिकअप आली ती भर दुपारी. डोंगरातला तो घेणारा साधा माणूस होता, वयस्कर, सोबत पुतण्या. मागे फळी लावली. पांढरा फळीपाशी येऊन अडला. ओढला, तर पुढचे पाय रोवले. तिघांनी मागून रेटला, एकानं शेपूट पिरगाळली. जत्रेदिवशीचे वळ अजून पाठीवर होते, त्याच्यावरच काठी पडायला लागली. तोंडाला फेस आला. वस्तीवरची सगळी माणसं बघायला जमली होती, जाऊ तिच्या ओट्यावर उभी होती. मी दारात होते.

नवरा घाम पुसत माझ्याकडे आला. "स्पीकर आण," म्हणाला.

मला आधी कळलं नाही.

"लाव तुझं गाणं. तुझ्या मागं यील त्यो."

मी नाही म्हणू शकले असते. मी तसं म्हणाले असते तर काय झालं असतं तेही समोर दिसत होतं, काठी त्यांच्या हातात होती आणि पिकअप रिकामी जाणार नव्हती. मी आत गेले. परातीत मूठभर पीठ घेतलं, गूळ घातला, तूप जरा जास्तच घातलं. गोळा केला. स्पीकर घेतला. फळीवरून चढून पिकअपमध्ये उभी राहिले, गाणं लावलं आणि नाचले.

घरच्या साडीत, भर उन्हात, सगळ्या वस्तीसमोर मी नाचले. एकही पाऊल चुकवलं नाही. कुणी हसलं नाही. पांढऱ्यानं कान पुढे केले. त्याचे रोवलेले पाय सुटले आणि तो स्वतःच्या पायानं, कुणीही न ओढता, फळीवरून वर आला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि गाणं संपायची वाट बघू लागला. गाणं संपलं, तशी त्यानं जीभ काढली. मी गोळा दिला. त्याचं तोंड चालू असतानाच त्यांनी दावं कड्यांना बांधलं. मी बाजूनं खाली उतरले आणि मागचं फळकुट बंद झालं.

ओट्यावर जावेनं मोबाईल वर धरला होता. माझं लक्ष गेलं तसा तिनं खाली घेतला. तेवढी लाज तिला त्या दिवशी वाटली.

घेणारा माणूस माझ्यापाशी येऊन हात जोडून म्हणाला, "बाई, गुणाचं जनावर दिलं तुमी. घरी उतरवताना पुन्यांदा अडलं तर त्ये गाणं लागंल." मी म्हटलं, माझा मुलगा मोबाईलवर पाठवेल. तर त्याचा पुतण्या गाडीतून म्हणाला, "कशाला? आपल्याकडं हाय की त्यो व्हिडिओ."

माणूस खाली बघायला लागला. तेव्हा मला कळलं, की त्यांनी मला आल्या आल्याच ओळखलं होतं.

त्यानंतर नवऱ्यानं पाचव्या बैलाचा विनोद कधी केला नाही. पाहुणे येतात, तीन बैल बघतात, चौथ्याची चौकशी करत नाहीत. मी गच्चीवर नाचते, दुसरी गाणी लावून. कुणी अडवत नाही. आधी वरच्या वस्तीची एक बाई आली, तिलाही साखर आहे, मग आणखी दोघी आल्या. आता जाऊही येते. तिचं रक्त तपासलं तेव्हा माझ्यापेक्षा जास्त साखर निघाली. मी तिला शेवटच्या रांगेत उभं करते, पाण्याच्या टाकीमागं, तिथून तिला नीट दिसत नाही. ती चुकली की सगळ्यांदेखत सांगते. ती हसते.

डॉक्टरीणबाई खूश आहे. मागच्या खेपेला अंगठ्यापाशी टोचलेलंही मला जरासं कळलं. पाय दोन्ही जागेवर आहेत आणि राहतील असं ती म्हणते.

भातलावणीच्या दिवसांत त्या घेणाऱ्या माणसाचा फोन आला. नवरा घरात नव्हता, मीच उचलला. बैल कसा आहे, मी विचारलं. तो म्हणाला, "लई गुणी हाय. चिखलात सुदिक न थांबता चालतो. नुसतं त्ये गाणं लागलं की औत टाकून उभा ऱ्हातो. गाडी ज्या रस्त्यानं आली, तिकडं तोंड करून. मग हालतच न्हाई बगा."

मी म्हटलं, "मग लावू नका की गाणं."

"मी कशाला लावतोय बाई? पोरं लावत्यात. बांधावर बसून," तो म्हणाला. "जीभ काढतो ना त्यो, पोरांला लई हसू येतं."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. गच्चीवर बाया येऊन थांबल्या होत्या, म्हणून वर गेले.